सव्विसावी फेरी

वना पळायचा तो लाईटसाठी. त्यांचं घर पारोळ्याजवळच्या खेड्यात आणि शेतातली विहीर तिथून सात किलोमीटरवर, नदीपलीकडे. पंच्याऐंशी साली आमच्याकडे लाईट कधी येईल याचा नेम नव्हता. घरातला बल्ब पेटला की भिकुबाई, म्हणजे वनाची आई, ओरडायची, "वना, लाईट उनी!" की हा हातातला घास टाकून मोटार चालू करायला सुटायचा. घरात सायकल एकच, ती थोरला भाऊ छगन जिनिंगला कामावर न्यायचा. निम्म्या वेळा वना पोचेपर्यंत लाईट गेलेली असायची. मग तसाच परत.

मी तेव्हा पारोळ्याच्या एका हायस्कूलात पीटीचा मास्तर होतो. दहावीतलं हे पोरगं रोज उशिरा येतं म्हणून एकदा त्याला भर उन्हात मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. संपल्यावर समोर येऊन म्हणाला, "आखो मारू का, गुरुजी?" उर्मटपणा वाटून मी हात उगारला, पण पोरगं आणखी मारू का असं खरंच विचारत होतं. धापसुद्धा लागली नव्हती.

त्या दिवसापासून मी घड्याळ घेऊन त्याच्या मागे लागलो. दोन महिन्यांत माझी खात्री पटली, की असा पळणारा मी पाहिला नाही आणि पुन्हा पाहणार नाही. जळगावला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, त्यात दहा हजार मीटर. पहिले दोघे राज्यावर जाणार, तिथून शिबिर, राहणं-खाणं फुकट आणि शिकवायला खरा जाणकार, माझ्यासारखा शिट्टीबहाद्दर नव्हे. दहावी झाली की शेत, असं वनाच्या घरी ठरलेलं होतं. पहिल्या दोघांत आला तरच सुटका होती, आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चुन्याच्या फक्कीने आखलेलं चारशे मीटरचं मैदान, पंचवीस फेऱ्या आणि अडतीस मुलं. फेऱ्या मोजायला आम्हा मास्तरांनाच टेबलाशी बसवलं होतं. माझ्या वाट्याला तीन मुलं होती, त्यात वना. त्याला उभं केलं पार मागच्या रांगेत. एवढ्या मुलांत तो आयुष्यात पहिल्यांदा पळत होता. एकेकाला मागे टाकत गेला, पण आपल्या पुढे अजून किती जण आहेत हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दहा-बारा फेऱ्यांनंतर सगळं मैदानच मुलांनी भरून गेलं. पहिला कोण, शेवटचा कोण, काही समजेना. इतर मास्तर चहा आणि गप्पांत रमले होते. मी मात्र दर फेरीला तक्त्यावर मारायची एकही रेघ चुकवली नाही.

पंचविसावी पूर्ण करून वना थांबला तेव्हा बाकीच्यांपैकी एकाच्याही पंचवीस झाल्या नव्हत्या. त्याच्या चार पावलं पुढे एक मुलगा होता, त्याच्या चोवीस झालेल्या. म्हणजे वना जवळजवळ अख्खी फेरी पुढे होता, आणि म्हणूनच डोळ्यांना मागे दिसत होता. स्पर्धांचे प्रमुख असलेल्या जिल्हा शिक्षण खात्याच्या साहेबांनी त्या पुढच्या मुलालाच पहिला धरून शेवटच्या फेरीची घंटा वाजवली आणि वनावर खेकसले, "ए, थांबतोस काय? एक फेरी बाकी आहे!"

"साहेब, याच्या पंचवीस झाल्या," मी म्हणालो.

"तुम्ही चुकलात मोजायला. मागून येतोय, दिसत नाही का?"

वनाने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. माझी नेमणूक कायम करायचा कागद सहा महिने त्यांच्याच टेबलावर पडून होता. मी मान खाली घातली आणि वना पुन्हा पळायला लागला. थांबल्यामुळे पाय जड झालेले. त्या फेरीत त्या पुढच्या मुलासकट आठ पोरं त्याच्या पुढे गेली. नववा लागला. मी माझ्या तक्त्यावरची एक रेघ खोडली, सव्विसाच्या पंचवीस केल्या आणि खाली सही केली. तेवढं मला उत्तम जमलं.

परतीच्या एस.टी.त तो एकच वाक्य बोलला, "मी मांगे राही गऊ, गुरुजी." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष आलंच नाही. दहावीनंतर तो शेतात गेला. मोटारीला आपोआप चालू होणारा स्टार्टर बसला, मग पळायचं कारणही उरलं नाही.

शहाण्णव साली पेपरात एक लेख आला: छोट्या छोट्या देशांतून एवढे लांब पल्ल्याचे धावपटू कसे निघतात? उंचावरची हवा, बारीक पोटऱ्या, कसलंसं पीठ, शाळेत पळत जाणारी पोरं. वाचून माझं डोकं फिरलं. पळणारी पोरं आमच्याकडे नाहीत? आमच्या भाकरीत काय कमी आहे? अहो, तिथे पळणारा कितव्या फेरीत आहे हे रस्त्याकडेच्या म्हातारीलाही कळत असेल! आमच्याकडे फार पुढे गेलेला माणूस मागे धरतात, आणि ज्याला कळतं तो सही करतो.

तो पेपर घेऊनच मी बाजार समितीत गेलो. वना कापसाच्या गाडीशी उभा होता. पोट सुटलेलं, सत्ताविशीतच केस पिकायला लागलेले. मी सरळ सांगून टाकलं, "वना, त्या दिवशी तू पहिला होतास. मी मोजल्या होत्या."

तो म्हणाला, "मी मोजतच नव्हतू, गुरुजी. तुम्ही बसेल व्हतात ना मोजाले." मग म्हणाला, "अकरा वरीस माले वाटे, मीच कमी पडनू, मनामाच दम नही."

वनाने माझ्याकडे पाहिलं.

"तवय काबर नही सांगं?"

"माझी नोकरी कायम व्हायची होती रे," मी म्हणालो. एवढं तरी खरं बोललो.

"मंग, व्हयनी का?"

त्यात टोमणा नव्हता. आपुलकीने विचारत होता.

"झाली," मी म्हटलं. "त्याच महिन्यात."