समुद्राकडची खोली

एस्तेरकाकू गेल्याचा निरोप तीर्थपुरीहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. आमची शाळा स्टँडला लागूनच आहे. मी सहावीच्या वर्गावर होतो. तिकिटांची पेटी काखेत धरून तो दारातूनच म्हणाला, "गुरुजी, तुमची काकू गेली. सकाळीच. आमची गाडी चारला परत निघती." आणि माठातलं पाणी पिऊन तो गेला. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग खुर्चीत बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत काकूबद्दल इतके चांगले शब्द माझ्या कानावर आले की मला त्या शब्दांची शिसारी आली आहे. शोकसभेत जो उठला तो तिला 'सेवामूर्ती' म्हणाला. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनीही 'तुम्ही त्यांच्या घरात वाढलात, दोन चांगले शब्द लिहा' असंच कळवलं. मी लिहितो आहे. शब्द चांगले होतील याची मात्र खात्री देत नाही.

माझी आई मी पाचवीत असताना वारली आणि वडिलांनी मला तीर्थपुरीला आपल्या धाकट्या भावाकडे आणून सोडलं. शमुवेलकाका मिशनचे सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक. वडीगोद्रीपासून गोदाकाठापर्यंतची खेडी ते सायकलवर पालथी घालत. काकू बायकांत बसून शिकवायची, अडलेल्या बाळंतिणीकडे धावायची, आणि उरलेल्या वेळात रांधायची. उरलेला वेळ म्हणजे सगळाच वेळ. दवाखान्यात भरती झालेल्या रोग्याचे नातेवाईक, धर्माच्या चौकशीला आलेला कुणी बुजरा माणूस, रस्ता चुकलेला बैलगाडीवाला, मिशनच्या जीपचा ड्रायव्हर... काकांनी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. फाटकातूनच ते आवाज द्यायचे, "अगं, दोघं जण हायेत." त्यांना मूलबाळ नव्हतं, पण त्या घरात दोनच ताटं मांडलेली मी कधी पाहिली नाहीत. लोक म्हणत, शमुवेल मास्तर म्हणजे देवमाणूस. होतेच, आजही आहेत. पण त्यांचं देवमाणूसपण सगळं काकूच्या हातून व्हायचं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कारण मीही त्या पंगतीत बसणाराच होतो.

दुष्काळात तर कहर झाला. खडी फोडायला आलेल्यांसाठी मिशननं चूल पेटवली आणि तिच्यापुढे काकू उभी राहिली. मोठ्या कढईत मिलोच्या, त्या अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, कण्या घोटून घोटून तिच्या मनगटावरची कातडी वाफेनं सोलून निघाली. साठीला टेकलेली बाई. दुष्काळ सरला तेव्हा कुणा भल्या माणसाच्या लक्षात आलं की या दोघांनी चाळीस वर्षांत एकदाही रजा घेतलेली नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत होती. मिशनच्या कचेरीतून पत्र आलं : कोकणात समुद्रकाठी आपला जो विसाव्याचा बंगला आहे, त्यातली समोरची, समुद्राकडची खोली तीन दिवस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, स्वयंपाकी आहे, काही न्यावं लागणार नाही. पूर्वी त्या बंगल्यात साहेब आणि मडमा उन्हाळ्यात जात. आपली माणसं गेलीच तर त्यांचं सामान उचलायला.

काकांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. काकूनं समुद्राचं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "येते. पण तीन दिवस मी चुलीपुढं बसणार न्हाई. बिलकुल न्हाई. चहासुदिक कुणी आणून दिला तर पिईन, न्हाई तर तशीच राहीन. चालतंय का बोला."

"चालतंय," काका म्हणाले.

"शपथ घ्या."

"आपल्यात शपथ घेत न्हाईत. शब्द देतो."

तिला समुद्र नको होता, तीन दिवस बसायचं होतं. एवढी एकच मागणी मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकली. सामानाला आणि सोबतीला म्हणून मलाही बरोबर घेतलं. मी नुकताच शिक्षक झालो होतो, चोवीस वर्षांचा, नवी पॅंट शिवून घेतली होती. मनमाडला गाडी बदलताना काकूनं फलाटावर दोन रुपयांची केळी घेतली आणि म्हणाली, "हे बघ, आजपासून आपण आयतं खाऊन राह्यलो." तिला असं खिदळताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

बंगला वाळूच्या उंचवट्यावर होता, पुढे लांबरुंद व्हरांडा. मी समुद्र कधीच पाहिला नव्हता. वळकटी काकांच्या पायाशी टाकली आणि सरळ पाण्याकडे पळत सुटलो. पुढे जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काका समोरच्या पायऱ्या चढलेच नाहीत. मिशनच्या आवारात आयुष्य गेलेलं, साहेबाच्या बंगल्यावर आपल्या माणसानं मागच्या अंगानं जायचं हे पायांत मुरलेलं. साहेब आपल्या देशी जाऊन किती वर्षं झाली, पण काकांचे पाय विहिरीला वळसा घालून मागच्या दारीच गेले. बंगल्यात आमच्याच मिशनच्या मोठ्या कमिटीचे सेक्रेटरी आणि तीन सभासद चिंतनासाठी उतरले होते. त्यांचा स्वयंपाकी तापानं फणफणून आदल्या दिवशी घरी गेला होता, आणि त्याच्या जागी कुणीतरी नवराबायको येणार असा निरोप त्यांना होता. मागच्या दारात वळकटी घेतलेलं म्हातारं जोडपं दिसल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आलात का? केव्हाची वाट पाहतोय. चौघांचं टाका, आणि जरा लवकर."

काकांच्या खिशात पत्र होतं. ते काढून दाखवायला किती वेळ लागतो? काका म्हणाले, "होय साहेब."

मी पुढे एकदा त्यांना याबद्दल खोदून विचारलं. ते म्हणाले, "भुकेले होते रे ते. आन् मोठी माणसं, त्यांना खजील कसं करायचं?" खजील! चार धडधाकट माणसं खजील होऊ नयेत म्हणून एका बाईला दिलेला शब्द त्यांनी दारातच मोडला. या भलेपणाची मला किळस येते. काकूनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं म्हणे. मग पदर खोचला आणि ओली लाकडं फुंकायला बसली.

मी समुद्रावरून परतलो ते अर्थातच पुढच्या बाजूनं, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. व्हरांड्यात चौघे जेवायला बसले होते. सेक्रेटरींनी चौकशी केली. जालन्याचा आहे, शिक्षक आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची ओढून दिली. मोठी, गोरटेली, पुण्याकडची बोलणारी माणसं. माझ्यासारख्याला कुणी पहिल्यांदाच खुर्ची ओढून देत होतं. "एकटेच आलात?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात आतल्या दारातून काकू आली. हातात पोळ्यांची चळत, डोळे धुरानं लाल, मनगटावरचे ते दुष्काळातले डाग. मला एका क्षणात सगळं कळलं. कळलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

मी म्हणालो, "हो. एकटाच."

काकूनं ते ऐकलं. मग तिनं चौघांना वाढलं, आणि पाचवी पोळी माझ्या ताटात टाकून, थेट माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "घ्या साहेब. अजून एक घ्या."

मी घेतली.

पुढचे तीन दिवस मी त्या ताटावर जेवलो. रात्री मला समुद्राकडची खोली दिली गेली, 'तीर्थपुरीचे कोणी पाहुणे येणार होते, ते आलेले दिसत नाहीत' म्हणून. काका-काकू मागच्या कोठीत, सरपणाशेजारी. ज्या नवराबायकोचा निरोप होता ते आलेच नाहीत. मी संधी शोधून मागे गेलो तर काकाच मला हातानं परत लोटायचे, "जा, जल्दी जा, कुणी बघंल." जणू चोरी मी नव्हे, ते करत होते. दुसऱ्या दिवशी चिंतन करणाऱ्यांना मासे खावेसे वाटले. काकूनं गोदावरीचा मासा पुष्कळ शिजवला होता, पण समुद्राच्या माशाचा तो वास तिला नवा होता. बांगडे साफ करता करता ती विहिरीमागे जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि पुन्हा विळीवर बसली. मी खिडकीतून पाहत होतो. त्या दुपारी व्हरांड्यात माशांची तारीफ झाली आणि सेक्रेटरींनी डोळे मिटून प्रार्थना केली, ज्या हातांनी हे अन्न रांधलं त्यांना आशीर्वाद दे. त्या हातांना चार शब्द बोलून पुढे बोलवावं, असं त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. प्रार्थनेला 'आमेन' म्हणणाऱ्यांत पाचवा आवाज माझा होता.

तिसरा दिवस लग्नाचा. न्याहारीची भांडी आटोपल्यावर काका तिला पाण्याकडे घेऊन गेले. मी व्हरांड्यातून पाहिलं... दोन लहानखुरी माणसं, लाटेपासून चार हातांवर उभी. काकांनी वहाणा काढल्या, पाण्यात पाऊल घातलं आणि तिला हातानं खुणावलं. ती काही आली नाही. थोड्या वेळानं ती वळून लगबगीनं बंगल्याकडे यायला लागली. जवळून जाताना, माझ्याकडे न पाहता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "कणीक भिजवून ठेवलीया. कडक व्हईल." अर्धा तासही झाला नसेल. त्या समुद्रानं तिचे पाय भिजले नाहीत.

परतल्यावर गावात काकांनी सगळ्यांना सांगितलं, झकास झालं, देवाची कृपा. काकूही हो म्हणाली. तो विषय तिच्या-माझ्यात पुन्हा निघाला नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली, सुट्टीत गेलो की डोक्यावरून हात फिरवला, लोणच्याची बरणी दिली. मीही ती बरणी घेऊन यायचो, आणि चार दिवसांत विसरायचो. किती आरामात विसरत होतो, ते आता आठवतं.

शोकसभेला तेच सेक्रेटरी आले होते. आता ते आणखी मोठ्या हुद्द्यावर आहेत, केस पांढरे झालेत. सगळ्यात लांब भाषण त्यांचंच. एस्तेरबाईंनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, असं ते म्हणाले, आणि रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. खरोखर पुसले, ढोंग नव्हतं, म्हणूनच मला ते ऐकवेना. नंतर चहाच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला. "आपल्या कोण?"

"काकू. मी त्यांच्या घरात वाढलो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बांगडे, व्हरांडा, ओढून दिलेली खुर्ची... काहीतरी आठवेल. ते म्हणाले, "भाग्यवान आहात," आणि बिस्किटांच्या ताटलीकडे वळले. मी त्यांना थांबवून सांगू शकलो असतो. शंभर माणसं होती, सगळ्यांपुढे सांगू शकलो असतो. पण मग त्या व्हरांड्यात पाचवा कोण होता तेही सांगावं लागलं असतं. मी चहा प्यालो.

लोक पांगल्यावर काकांच्या स्वयंपाकघरात गेलो. ते चुलीपुढे बसले होते, पोलपाट उलटाच धरला होता, कोपरापर्यंत पीठ. बायका शेजारून डबा आणतात, पण ते ऐकत नाहीत, म्हणे शिकून घेतो. मी पाट ओढून बसलो. बराच वेळ ते पोळीची एक कड लाटत राहिले. मग मान वर न करताच बोलले.

"समुद्रावरून येताना गाडीत तिनं मला इचारल्तं. पोराला माझी लाज वाटली का हो? म्हणून."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी म्हणलं, न्हाई गं. पयल्या दिशी धूर किती हुता. त्यानं वळखलंच न्हाई तुला." काकांनी पोळी तव्यावर टाकली. "उभ्या जन्मात म्या लबाड बोललो न्हाई. ती एकच. तुझ्यापायी."

"मंग? काय म्हणली काकू?"

"बरं झालं म्हणली. आन् मनमाडपातुर खिडकीभायेर बघत बसली." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले, पण नजर लहान मुलासारखी अडून बसलेली. "तिला खरं वाटलं असंल का रे? तू सांग. तू शिकलेला हायेस."

ती माझ्या डोळ्यांत पाहून मला 'साहेब' म्हणाली होती. हे काकांना ठाऊक नाही, ते तेव्हा विहिरीवर होते. हे तिला आणि मलाच ठाऊक होतं. आता एकट्या मला ठाऊक आहे, आणि ही पुरवणी त्यांच्या गावात पोचली तर त्यांनाही कळेल.

"वाटलं असंल काका," मी म्हणालो. "बराबर वाटलं असंल."

त्यांनी समाधानानं मान हलवली. तव्यावरची पोळी एका अंगानं काळी पडली होती. ती त्यांनी फुंकून माझ्या ताटात टाकली, आणि मी ती खाल्ली.