सगळ्यांना एकच ताट

गास गावच्या थेरेसा टीचरनं सव्वीस वर्षं भूमिती शिकवली. जो सिद्धांत एका त्रिकोणाला लागू, तो सगळ्या त्रिकोणांना लागू, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातली माणसंही तिला त्रिकोणच वाटत. जूनमध्ये नवऱ्याची, प्लासिडची, साखर अडीचशेच्या वर गेली. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याच्यासाठी एक कागद लिहून दिला. टीचरनं तो फ्रिजवर चिकटवला आणि घरभर लागू केला. भात बंद, पाव बंद, सुकी केळी बंद. रात्री वाडगाभर मोडाचे कच्चे मूग आणि काकडी.

सतरा वर्षांची एलिसा क्लासहून येताना फ्रँकी खाऊन यायची. प्लासिड वाडीत माडाआड उभा राहून काय चावायचा, ते माडालाच ठाऊक. कागद मनापासून पाळला तो एकट्या फ्लॉसीआयनं, टीचरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूनं. तोंडात खालचे चार दात. एकेक मूग गालात घोळवत म्हातारी तासभर बसायची.

"आयकडून शिका जरा!" टीचर बापलेकीला सुनवायची.

सप्टेंबरात एका संध्याकाळी फ्लॉसीआय हात धूत होती. साबण लावूनही कधी न निघणारी लग्नातली पाटली आपोआप बेसिनमध्ये पडली. टीचरनं ती परत चढवली, तर थेट कोपरापर्यंत गेली.

टीचरनं सासूला वजनकाट्यावर उभं केलं. सदतीस किलो. ईस्टरला त्रेचाळीस होतं.

तासाभरात मऊ भात आणि रावसाचं कालवण पुढं आलं. फ्लॉसीआयनं ताट मागं सारलं.

"नको बाय. नवस मोडेल."

"कसला नवस?"

"प्लासिडच्या साखरेचा. सगळं घर पाळतंय. आय असून मीच मोडू?"

टीचर तिच्याशेजारी बसली. "नवस नाही हो, आय. डॉक्टरी कागद होता, तोही त्याच्या एकट्याचा. तुमच्या वयाला मऊ भात, मासा, अंडं, दूध लागतं. मला ठाऊक होतं. दोनदा रांधायचा कंटाळा केला मी."

फ्लॉसीआयनं मुलाकडं पाहिलं. "तू तरी पाळलंस ना रे?"

प्लासिडनं मिशीवरचा खारीचा चुरा झटकला. "थोडं थोडं, आय."

"मेल्या! तुझ्यापायी तीन महिने मूग चघळले मी!" म्हातारीनं ताट जवळ ओढलं. एलिसा फस्सकन हसली. टीचर रावसाचे काटे काढत राहिली. काटे संपले तरी तिची बोटं शोधतच होती.

त्या दिवसापासून घरात दोनदा रांधलं जाऊ लागलं. टीचर स्वतः मात्र मुगाचाच वाडगा घ्यायची, शिक्षा म्हणून. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी सासूचं वजन. तीन रविवार काटा अडतिसावर अडून बसला आणि टीचरचा वाडगाही अर्धा उरू लागला. चौथ्या रविवारी साडेएकोणचाळीस!

टीचरला रडूच फुटलं. सासूला उतरवायला तिनं कमरेला हात घातला, तर लाल लुगड्याच्या ओच्यात काहीतरी गार, कडक लागलं. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

"आय! मिस्साला बत्ता कशाला?"

"तुझं तोंड बघवत नाही बाय," फ्लॉसीआय खाली बघत म्हणाली. "म्हटलं, काटा जरा पुढं गेला तर तूही दोन घास जेवशील."

टीचरनं बत्ता काढून ठेवला, वजन पुन्हा केलं. अडतीस. मग दोन अंडी उकडून आणली आणि दोन्ही सासूपुढं ठेवली.

फ्लॉसीआयनं एक तिच्याकडं सरकवलं.

"खा. माझ्यासमोर."