सहाशे एकोणीसच्या अलीकडे

ओव्हाळ काकांची आणि माझी ओळख एका आकड्यामुळे झाली. चाकणच्या कंपनीत तपासणी विभागातला माझा पहिला दिवस. समोर गिअरबॉक्सचं कवच आणि त्यावर ठोकलेला क्रमांक २,१४,६३२. शेजारच्या टेबलावरून काका म्हणाले, "पोरी, ह्याला अकरानं भाग जातोय. एकाआड एक अंकांची बेरीज कर, दोनीकडं नऊ येत्यात." करून पाहिलं, गेला की भाग! तेव्हापासून चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे क्रमांक फोडत बसायचो.

मोशीला राहणारे हे ओव्हाळ काका सहीला फार जपत. एकदा माल भरायला गाडी उभी, साहेब घाईवर आलेले, आणि एकच माप राहिलेलं. "अर्धवट तपासणीवर माझी सही मिळायची न्हाई," म्हणून ते शांतपणे माप घेत बसले. आमच्या चुकांवर मात्र कधी ओरडले नाहीत. जवळ बसवून पुन्हा माप घ्यायला लावत.

विभाग बंद झाला त्या दिवशी शेवटचा नग आला ५,०८,१९९. काका टेबलावर खडूने भागाकार करत सुटले. सात, अकरा, तेरा... आम्ही भोवती उभे. सायरन झाला. काकांनी मान वर करून आमचे चेहरे पाहिले. "मूळ संख्या हाय. हिला कुणी फोडू शकत न्हाई. आपलंबी तसंच."

आम्ही मात्र पांगलो. मी मारुंजीला आले, कुणी गावी गेलं. ते वाक्य तेवढं मी धरून राहिले. त्या टेबलाची आजही रोज आठवण येते.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "पंच्याहत्तरी आली, आता सांगून टाकतो. त्यो शेवटच्या नगाचा आकडा सातशे बारापतूर भागून बघाय पायजे हुता. सहाशे सतरावर सायरन झाला. फुडचाच, सहाशे एकोणीस, लागतोय. गुणिले आठशे एकवीस."

मला रागच आला. "मग तेव्हा अर्धवट तपासणीवर सही का केलीत, काका?"

"तुमी समदी रडत हुता."

फोन ठेवून मी गुणाकार केला. बरोबर आला, आणि मी पुन्हा रडले.

काका, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. पंच्याहत्तरीच्या सत्काराला मी खडू घेऊन येते आहे, सगळ्यांना बोलावलं आहे. राहिलेला भागाकार पुरा करू. या वेळी सायरन नाही.