शुक्रवारचा बँजो

२००८ साली आम्ही आखातात, अल बर्शामध्ये राहत होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन होता, माझ्याच कंपनीत सर्व्हेयर. साठीला आलेला, एकटा, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या कोळसाखाणीच्या गावचा. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी तो आमच्याकडे पोहे खायला यायचा, बँजो घेऊन.

मला आधी वाटलं, आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो असेल. हे तर कातडं ताणलेलं, लांब दांडीचं वाद्य निघालं.

“हे मूळचं आमचं नाही,” तो म्हणाला. “गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर आलं. फिडल, म्हणजे व्हायोलिन, आलं स्कॉटलंड-आयर्लंडवाल्यांबरोबर. आमच्या डोंगरांत दोन्ही एकत्र वाजायला लागली.”

खाणीतून परतल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला ओसरीवर बसवून शिकवलं होतं. पलीकडच्या खोऱ्यात तीच गाणी वेगळ्या चालीत म्हणतात आणि ती चूक आहे, हे मात्र तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

मला हसू आलं. माझे वडील, अण्णा, सांगलीकडच्या आमच्या गावात भजनी मंडळात गायचे. नदीपलीकडच्या गावाची चाल त्यांना जन्मात पटली नाही.

“मग गा की एक,” तो म्हणाला.

मला दोनच कडवी आली. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स युवर ओन साँग!”

ओशाळून मी अण्णांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“कोण ऐकतंय?” अण्णांनी विचारलं.

“एक अमेरिकन आहेत.”

“मग थांब, टोपी घालतो.”

ते गायले. दम लागत होता, तरी सोडलं नाही. तिसऱ्या कडव्याला त्याने बँजोवर सूर धरला. फोनवर आवाज जरा उशिरा पोचायचा, म्हणून तो प्रत्येक ओळीला थांबायचा. बायको हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली.

पुढच्या वर्षी मंदी आली, साइटवरच्या क्रेन थांबल्या. एका दुपारी एचआरने त्याला बोलावलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “खलास.” महिन्याभरात त्याने घर रिकामं केलं. निघताना म्हणाला, “अण्णांकडून ते गाणं पूर्ण लिहून घे.”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो.

माझी नोकरी टिकली, पण आज राहील का उद्या जाईल या धास्तीत दोन वर्षं गेली. अण्णांना दर आठवड्याला फोन व्हायचा. औषधं, पाऊस, मुलीची शाळा. गाण्याचं राहूनच गेलं. मग एका सकाळी ते गेल्याचा फोन आला. गाणं विचारावं असं भजनी मंडळातलं त्यांच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं.

काही महिन्यांनी त्या अमेरिकनाची ईमेल आली. त्याच्या गावची खाण बंद पडली होती, तो गावातल्या मुलांना बँजो शिकवत होता. ‘अण्णांची चाल बोटांत आहे,’ त्याने लिहिलं होतं, ‘शब्द पाठव.’

मी माझी दोन कडवी लिहिली. खाली लिहिलं, पुढची मला येत नाहीत. आणि मेल पाठवून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बराच वेळ बसलो.