कान्हेरीच्या रस्त्यावरचे साडूभाऊ

रस्ता हा कुठेतरी पोचण्यासाठी असतो, ही शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट जन्मभर न कळलेला एकच मनुष्य मी पाहिला आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू आहे. माझ्या थोरल्या मेव्हणीचे हे यजमान बोरिवलीला, नॅशनल पार्काच्या गेटापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्या गेटातून निघून झाडीझाडीने कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा जो जुना रस्ता आहे, तो आपल्या आजोबांनी आपल्यासाठी राखून ठेवला आहे अशा थाटात ते त्याच्यावर वावरतात. सातबारा तेवढा नावावर व्हायचा राहिला आहे. बोलताना ते ‘पार्कातला रस्ता’ असं कधीच म्हणत नाहीत. ‘आमचा रस्ता’ म्हणतात. फाल्गुनात कुसुंबाला तांबडी पालवी फुटली की हे गृहस्थ विमा कंपनीतल्या आपल्या साहेबाच्या केबिनमध्ये शिरून त्याला तसं कळवत. साहेब बिचारा आधी कुसुंब हा कोणी रजेवर गेलेला कारकून असावा असं समजायचा. “या वाटेने दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू चालत गेलेत,” असं ते पाहुण्यांना डोळे मिटून सांगतात. भिक्षू गेले असतीलही. पण डांबर त्यांनी टाकलेलं नाही, ते कंत्राटदाराने टाकलंय आणि दर पावसाळ्यात ते वाहून जातं, हे मी एकदा निदर्शनास आणून दिलं, तेव्हा दोन महिने आमच्याकडचं जाणंयेणं बंद होतं.

मुंबईला आलेला एकही नातेवाईक या रस्त्यातून सुटलेला नाही. लोक मुंबईला येतात ते समुद्र बघायला, राणीची बाग बघायला. साडूभाऊ त्यांना पहाटे उठवून, चहासुद्धा पुरता घशाखाली उतरू न देता, पार्कात नेतात. बरं, नेतात तर निदान लेण्यांपर्यंत न्यावं. तेही नाही. नदीवरचा पूल ओलांडला की पुढे एक मोठं वळण आहे आणि वळणावर एक जुनी काटेसावर आहे. तिथपर्यंत जायचं, तिच्या खोडावर हात ठेवायचा आणि परत फिरायचं. “लेणी काय, कुठे पळून जात नाहीत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी चिपळूणची आत्या एवढ्या लांबून आली होती. गुहा म्हटल्यावर आत देव असणारच या हिशेबाने तिने शेवंतीचा हार बरोबर घेतला होता. वळणावरून परत फिरायचं कळल्यावर तिने तो हार कुणाला घालावा हेच तिला समजेना. शेवटी गेटाजवळच्या एका माकडाने तो प्रश्न सोडवला. आत्या त्यानंतर बोरिवलीचं नाव निघालं की पदर तोंडाला लावायची, हसू लपवायला की राग लपवायला ते मी विचारलं नाही.

स्वतः सोडून त्या रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी साडूभाऊंना मनापासून तिटकारा आहे. सिंह बघायच्या बससाठी रांग लावणारे अडाणी, मुलांना छोट्या आगगाडीत बसवणारे लाडावलेले, ट्रान्झिस्टर घेऊन येणारे बहिरे, पुऱ्या-बटाट्याची भाजी घेऊन येणारे खादाड आणि मोटारीतून जाणारे तर माणसांतच जमा नाहीत. पण या सर्वांच्याही खाली त्यांनी एक पायरी ठेवली आहे आणि तिच्यावर आम्हा मुलुंडकरांना बसवलं आहे. मी मुलुंडला राहतो. आमच्याही गॅलरीतून हाच डोंगर दिसतो, फक्त पूर्वेच्या, उलट्या बाजूने. “डोंगर एकच हो,” साडूभाऊ म्हणतात, “पण आमच्याकडे त्याचं तोंड आहे. तुमच्याकडे पाठ. पाठीशी कसला संसार करताय?” मला ते नावाने हाक मारतच नाहीत. ‘मुलुंडकर’ म्हणतात, आणि तेही ‘कोळीष्टकं’ म्हणावं अशा सुरात. एवढ्या वर्षांच्या चालण्यातून त्यांनी स्वतः काय मिळवलं म्हणाल, तर उजव्या टाचेला एक भोवरी.

त्या रस्त्यावर त्यांचा एकच कायदा आहे. ‘अजून किती लांब?’ असं विचारायचं नाही. ज्याने हे विचारलं तो माणूस त्यांच्या लेखी संपला. “पायांना विचारा, त्यांना माहीत असतं,” एवढं ते बोलतात आणि मग परत गेटापर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत. हे पाहुण्यांपुरतं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण या गृहस्थाने हाच कायदा आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला लावला, तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जगात मुलगी बघायला येतात तेव्हा तिने पोह्यांच्या बशा आणायच्या असतात. आमच्या शुभाला बघायला येणाऱ्यांना आधी चपला घालाव्या लागत. “पोहे काय, कुणीही खातो. माणूस चालताना कळतो,” असा साडूभाऊंचा सिद्धांत. दादरच्या एका मुलाने पुलापाशीच घड्याळ बघितलं, तो गेला. ठाण्याच्या मुलाची आई उंच टाचांच्या चपला घालून आली होती, तिचा एक पट्टा तुटला आणि स्थळही. अंधेरीचा एक इंजिनिअर इतका चांगला होता की ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, मनातल्या मनात पत्रिकासुद्धा छापली. त्याने वळणाच्या जरा अलीकडे कपाळ पुसत विचारलं, “काका, अजून किती?” त्या मुलाला परतल्यावर पोहेसुद्धा मिळाले नाहीत. शुभा प्रत्येक वेळी चार पावलं मागे, मान खाली घालून चालायची आणि घरी आली की पाय धुऊन गप्प आतल्या खोलीत जायची. तिच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जाऊ लागली होती. ताई देवापुढे बसून रडायच्या आणि साडूभाऊ व्हरांड्यात बुटांना पॉलिश करायचे.

शेवटी मी एक स्थळ आणलं, ते आमच्याच इमारतीतलं, म्हणजे थेट मुलुंडचं. मुलगा पदवीधर, औषधांच्या कंपनीत कायम नोकरी, स्वभावाने अगदी गरीब. वडील मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर एका शाळेत शिपायाचं काम करणारे, देहाने भक्कम आणि बोलायला त्याहून भक्कम. गणपतीत शुभा आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि ते पाहणं आरतीपुरतं नव्हतं हे आमच्या हिच्या लक्षात आलं होतं. पार्कातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शुभा हिला म्हणाली, “मावशी, हे मोडलं ना, तर मी परत कुणासाठी त्या रस्त्यावर चालणार नाही. सांगून ठेवते.” मी त्या मुलाला बजावून बजावून सांगितलं होतं की, तोंड उघडू नकोस, घड्याळ घरी ठेव आणि किती लांब हे शब्द विसरून जा. बापाला सांगायचं मात्र मला सुचलं नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हवा गार होती. पूल ओलांडेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मुलगा मौनव्रत घेतल्यासारखा चालत होता. साडूभाऊ त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी चक्क सैल होत चालली होती. वळण दिसू लागलं आणि मुलाचे वडील रस्त्याच्या मधोमध थांबले. कमरेवर हात ठेवून त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, “अहो साहेब, आमका खंय न्हेतास तरी? अजून किती लांब आसा?”

मी डोळे मिटले. ताईंनी माझ्या हिचा हात धरला. साडूभाऊ वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं वाक्य आलेलं मला दिसलं.

पण त्याआधी मागून शुभा बोलली. “बाबा, मलाही तेच विचारायचंय. अजून किती लांब?”

“तू?” साडूभाऊ म्हणाले.

“हो. मी लहान असल्यापासून विचारायचं म्हणत्येय. मला दमायला होतं, बाबा. दर वेळी होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

साडूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. चार पावलं मागे वळून तिच्याकडे बघायची त्यांना कधी सवयच नव्हती. मग ते मुलाच्या वडिलांजवळ गेले, त्यांचा दंड धरला आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर त्यांना बसवलं. स्वतःही शेजारी बसले. त्या रस्त्यावर त्यांना बसलेलं पाहून तिथली माकडंसुद्धा चकित झाली असतील. “इथूनच परत फिरू,” ते म्हणाले, “पोहे गार होतील.”

लग्न माघात झालं. मुलगी मुलुंडला गेली, डोंगराच्या पाठीशी संसार करायला. आता सोयीचं काही बोलायचं म्हणजे साडूभाऊ सुधारले असं सांगायला हवं, पण तसं काही झालं नाही. ट्रान्झिस्टरवाले अजून बहिरेच आहेत आणि मी अजून मुलुंडकरच आहे. मात्र शुभाकडे जायचं तर लोकलने दादरपर्यंत खाली उतरून, गाडी बदलून पुन्हा सगळं वर यायचं, ते त्यांच्याने वारंवार होत नाही. मधे एकदा मी बोरिवलीला मुक्कामाला होतो, तेव्हा नेहमीप्रमाणे पहाटे त्यांनी मला उठवलं आणि नेहमीप्रमाणे मी मनातल्या मनात शिव्या देत निघालो. वळणावर आलो. काटेसावरीच्या खोडावर हात ठेवून ते उभे राहिले, पण परत फिरेनात.

“मुलुंडकर,” ते समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, “या डोंगरातून इथून आरपार गेलं, तर पलीकडे तुमचं मुलुंडच ना?”

“हो.”

त्यांनी खोडावरचा हात काढला. मग हळूच म्हणाले, “किती लांब असेल हो?”

एवढ्या वर्षांचा सूड माझ्या जिभेवर आला होता. पायांना विचारा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांचा तो चेहरा पाहून मला ते म्हणवेना. “जवळच आहे, साडूभाऊ,” मी म्हणालो. “आलंच.”

ते मान हलवून पुढे चालू लागले. मी मागोमाग गेलो. कान्हेरीची लेणी त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. साडूभाऊंनी ती पाहिली की नाही ते सांगता येणार नाही. ते सगळा वेळ वरच्या कातळावर, पूर्वेकडे तोंड करून उभे होते.