जुलैतली कानटोपी

मी वाळवंट पाहिलेलं नाही. तरी आखातातल्या एका लांबलचक डांबरी रस्त्याची प्रत्येक भेग मला नंबरासकट पाठ आहे. मी बसतो झुइडासमध्ये, डच ऑफिसांच्या काचेरी वस्तीत, अकराव्या मजल्यावर. खिडकीबाहेर पाऊस, पायात सायकलवरून येताना भिजलेले मोजे आणि स्क्रीनवर वाळवंट. आमची कंपनी रस्त्यांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर बनवते. कुठली भेग कधी भरायची हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि सॉफ्टवेअरने काय ठरवायचं ते मी ठरवतो. पुण्यात होतो तेव्हा गल्लीतल्या खड्ड्याला शिव्या देण्यापलीकडे रस्त्यांशी माझा संबंध आला नव्हता.

तिकडे उन्हात काम करून घेणारे मुकादम चिपळूणचे निघाले. बावीस वर्षं डांबरात घालवलेला माणूस. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीत विचारलं, "जेवलात का साहेब?" माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. ते मात्र साहेब सोडायला तयार नव्हते.

त्या वर्षी माझं काँट्रॅक्ट संपत होतं. ते पक्कं झालं असतं तर बँक घराच्या कर्जासाठी दारात उभं करणार होती. नाही तर मी आणि बायको भाड्याच्या माळ्यावर उतरत्या छपराला डोकं आपटत राहणार, आणि इथे राहण्याच्या पर्मिटची टांगती तलवार वेगळीच. निर्णय बॉसच्या हातात होता आणि ती तो या रस्त्याच्या कामावरून घेणार होती. बॉस डच बाई. ऑफिसात सगळे तिला सरळ नावाने हाक मारतात. मला ते जमायला दीड वर्ष लागलं. तोवर मी तिच्या टेबलाशी जाऊन खोकायचो.

इथे रस्त्यांची कामं उन्हाळ्यात करतात, कारण एरवी रस्ता कोरडा सापडत नाही. मी तोच नियम उचलला आणि डोळे मिटून वाळवंटाला लावला. सगळ्या भेगा जून ते ऑगस्टमध्ये भरायच्या. रंगीत तक्ता पाठवला. मुकादम म्हणाले, "झकास आहे साहेब. करतो." आणि खरोखर दर आठवड्याला फोटो येऊ लागले. भरलेल्या भेगा, शेजारी डांबराची भट्टी, भोवती उकिडवे बसलेले कामगार. माझा तक्ता हिरवा होत गेला. माणसं असावीत तर अशी, असं मी बायकोला दोनदा सांगितलं.

जुलैच्या एका मीटिंगमध्ये बॉसने एक फोटो मोठा करून पाहिला.

"या माणसाने लोकरीची टोपी का घातली आहे?"

"उन्हापासून बचाव," मी म्हणालो.

"आणि मफलर?"

"वाळू उडते ना."

"आणि हे तिघे भट्टीवर हात का शेकतायत?"

मी म्हणालो, विचारून सांगतो.

फोन लावला. "काका, फोटो कधीचे आहेत?"

उत्तर आलं, "जानेवारीतले. दुसऱ्या पट्ट्यातले."

"आणि या उन्हाळ्याचं काम?"

"ते केलंच नाही साहेब. उन्हाने रस्ता फुगतो, भेगा मिटून जातात. भरायचं कशात? वर ओतलं तर गाड्यांच्या टायरला चिकटून शेजारच्या गावात जाईल. थंडीत भेगा उघडतात, तेव्हा भरायच्या."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"एवढा रंगीत तक्ता पाठवलात. तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यात तुमची नोकरी पक्की व्हायची आहे, तुम्हीच म्हणाला होतात. जानेवारीत सगळं भरून दिलं असतं. तुम्हाला पत्ताही लागला नसता."

मी संतापलो. मग आठवलं की पुण्यात मीही सात वर्षं प्रत्येक अशक्य गोष्टीला 'होऊन जाईल सर' म्हणत होतो. आता दोनच मार्ग होते. मुकादमांनी खोटे फोटो पाठवले असं सांगायचं, म्हणजे ते पुढच्या विमानाने चिपळूणला. किंवा तक्ता माझा चुकला असं सांगायचं, म्हणजे काँट्रॅक्टला रामराम. मी लगेच खरं बोलायचं ठरवलं असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी दोन दिवस तिसरा मार्ग शोधला आणि सगळा दोष सॉफ्टवेअरवर टाकणारी ईमेल लिहिली. बायकोने ती वाचली आणि विचारलं, "सॉफ्टवेअर कोण लिहितं?"

मी ईमेल पुसली आणि बॉसला सगळं सांगितलं, तक्ता माझाच चुकला हेही. तिला चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल. सहा आठवड्यांत एकही माणूस नाही म्हणाला नाही? मी तिला वडीलधारे, साहेब आणि भिडस्तपणा यांबद्दल पाव तास समजावलं. तिने फक्त एवढंच लिहून घेतलं, की मुकादम यापुढे मंगळवारच्या मीटिंगला बसतील.

आदल्या दिवशी मी काकांची तयारी करून घेतली. "इथे स्पष्ट बोलायचं. पटलं नाही तर नाही म्हणायचं. त्यांना आवडतं."

"बरं साहेब."

"बरं नको. नाही म्हणून दाखवा."

"कशाला नाही म्हणू?"

"कशालाही."

ते जरा घुटमळले. "नाही साहेब," म्हणाले आणि लगेच माफी मागितली.

मंगळवारी मात्र त्यांनी माझा नवा तक्ता उभा चिरला. नॉट पॉसिबल मॅडम, या पट्ट्यात वारा असतो. नॉट पॉसिबल, आधी भेगेतली वाळू फुंकून काढावी लागते, त्याला तुम्ही वेळच धरलेला नाही. बॉस इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. मग तिने, मी समोर बसलेलो असताना, रोलरबद्दल विचारावं तसं विचारलं, "आणि हा? याचा तुम्हाला काही उपयोग होतो का?"

मुकादमांनी कॅमेऱ्यात पाहिलं. धडा मीच दिला होता.

"नाही," ते म्हणाले. "अजून तरी नाही." मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुढे म्हणाले, "पण मॅडम, खोटे फोटो मी पाठवले, आणि यांनी ते माझ्यावर ढकललं नाही. बावीस वर्षांत असा साहेब पहिलाच. ठेवा यांना. रस्ता मी शिकवतो."

काँट्रॅक्ट पक्कं झालं नाही, एका वर्षाने वाढलं. बॉसने कारण लिहिलं, मुकादमांची शिफारस. बँकेला ते पुरलं नाही आणि घर लांबलं. त्या संध्याकाळी बायकोला हे सांगताना मी शिफारशीची ओळ दोनदा वाचून दाखवली. मला कुणी साहेब म्हणतं याची तोवर थोडी लाजच वाटायची, ती त्या दिवशी गेली.