चालू आहे, थांबा

आता आपलीच फजिती आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे अवघडच. तरी सांगतो, चहा उकळेपर्यंत.

मी नंदुरबारजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो. दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघतात. सोबत मुलं. त्या मुलांना आम्ही हमीकार्ड देतो. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसू देतात. कार्ड नसेल तर मूल दिवसभर फडात.

कार्डं छापायला मी संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. गेल्या वर्षी तो कामाला लागला की पडदाच गोठायचा. बटण दाबा, माऊस आपटा, ढिम्म! आमचे लिपिक सलीमभाई सरळ प्लग उपटायचे. "मरी गया, सर!"

मेला कुठला हो! कामात होता बिचारा!

यावरचा उपाय मला संसारानेच शिकवला होता. मी संगणकात डोकं घातलं की सुमन, माझी बायको, चिडायची. "हाक मारली तर निदान हं तरी म्हणा!" मग मी आत काम आणि बाहेर दर मिनिटाला एक "हं", असं सुरू केलं. तिला संशय आला की ती शांतपणे म्हणायची, "स्वयंपाकघरात बिबट्या बसलाय."

"हं," मी म्हणायचो. आणि पकडला जायचो.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. यंदा प्रोग्रामला मी तेच वळण लावलं. काम मागे, खिडकी पुढे. खिडकीत फिरतं चाक, आणि काहीही दाबा, नम्र उत्तर: "चालू आहे, थांबा."

निघायचा दिवस. दारात ट्रक, ट्रकभर संसार, छत्तीस मुलं. मुकादम भिकाभाऊ ओरडला, "गुरुजी, सांजलोंग विसरवाडी गाठनी शे!"

मी ऐटीत बटण दाबलं. चाक फिरलं. तास झाला.

"गुरुजी," एका मुलीची आई, रेशमाबाई, म्हणाली, "चाक तं फिरी ऱ्हायनं. कागद कव्हय येई?"

"आत जोरात काम चाललंय, बाई."

"तुम्हले कसं समजनं?"

"अहो, चाक फिरतंय ना!"

काय हे उत्तर! आणि मी गणिताचा मास्तर!

दुसरा तास. भिकाभाऊ हॉर्नवरून हात काढेना. शेवटी मी ती खिडकी बाजूला सरकवली. तर तिच्यामागे एक इवलीशी चौकट: "जुनी यादी पुसू का? हो / नाही." दोन तास प्रोग्राम माझ्या उत्तराची वाट बघत होता आणि मी त्याच्या! एक कार्ड झालं नव्हतं.

घाम पुसत वळलो, तर सलीमभाई छत्तिसाव्या कार्डावर शिक्का मारत होते. सगळी हाताने लिहिलेली!

"अहो, हे कधी सुरू केलंत?"

"तुम्ही बटन दाबं तव्हयच."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगं व्हतं ना, सर! तीन डाव सांगं. तिन्ही डाव तुम्ही 'हं' म्हनं."

मुलं कार्डं हलवत ट्रकमध्ये चढली. मी फाटकाशी उभा राहून हात केला.

सुमन असती तर एका बिबट्यात काम झालं असतं.